सहा खिळे

पहिल्या दिवशी नव्या बाईनं तिसरीच्या वर्गाला गायीवर एक वाक्य लिहायला सांगितलं, तर अठ्ठावीस वह्यांतून अठ्ठावीस गायी आल्या आणि त्यातल्या सव्वीस गवत खात होत्या. एक दूध देत होती. उरलेली एक नुसतीच 'आहे' होती.

पोरं काही बिनडोक नव्हती. सगळ्यांच्या घरी जनावरं होती. कुठली गाय डाव्या पायानं लाथ मारते, कुठली शेपूट शेणात बुडवून धार काढणाऱ्याच्या तोंडावर फिरवते, हे त्यांना बाईपेक्षा जास्त ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत तेच सांगताना त्यांची तोंडं थकत नसत. पण पेन्सिल हातात आली की पोरं कचेरीत उभं केल्यासारखी गप्प होत आणि तीन शब्दांत सुटका करून घेत.

शेजारच्या वर्गाच्या गुरुजींना हे ऐकून हसू आलं. बाईला आलं नाही. असल्या आखूड वाक्यांची तिला चीड होती. तिच्या घराची घडी असल्याच एका वाक्यानं विस्कटली होती.

ते वाक्य गावाबाहेरच्या मोठ्या गोठ्याच्या कचेरीत होतं. दोनशे गायींचा गोठा, मालक शहरात, आणि इथं सगळा कारभार मुकादमाच्या हाती. बाईचा नवरा तिथं कुट्टीच्या मशीनवर होता. मशीनच्या तोंडात चारा सारायचा, आतले रूळ तो ओढून घेत आणि पाती त्याचे बोटभर तुकडे करत. सहा महिन्यांपूर्वी त्या मशीननं त्याचा उजवा हात मनगटाच्या वरून नेला, आणि अपघाताच्या रजिस्टरात मुकादमानं लिहिलं: 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे उजवा हात यंत्रात गेला.'

सहा शब्द. बाईनं कचेरीत जाऊन ते स्वतः वाचले होते. कारकुनानं रजिस्टर तिच्याकडे फिरवलं आणि वर विचारलं, झालं का समाधान. ती घरी येईपर्यंत एकच गोष्ट घोळवत आली. हात काही आपल्या पायांनी चालत यंत्रात जात नाही. मशीन कोणी सुरू केलं? रजिस्टरात त्याचा पत्ताच नव्हता.

गोठ्याचा नियम सरळ होता. दुसऱ्याच्या चुकीनं माणूस जखमी झाला तर त्याला बसून करायचं हलकं काम द्यायचं. स्वतःच्या चुकीनं झाला तर त्यानं घरी बसायचं. नवरा घरी बसला. बाहेर कुठं काम मागायला गेला की लोक आधी उरलेल्या हाताकडे बघत, मग म्हणत, बाबा रे, तू दोन हातांनी नीट काम केलं नाहीस, एका हातानं काय करणार. गावानं त्याचं नाव थोट्या ठेवलं. ते त्यानं पचवलं. पण 'निष्काळजी' म्हटलं की तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा. बाईनं त्याला किती वेळा विचारलं, नेमकं काय झालं होतं. तो म्हणे, डोळ्यांपुढं अंधारी आली, आठवत नाही. खोटं बोलताना तो तिच्याकडे न बघता विहिरीच्या रहाटाकडे बघे. सहा वर्षांच्या संसारात तेवढं तिला कळत होतं.

मग शाळेतल्या जुन्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि हेडमास्तरांनी गावातली शिकलेली सून म्हणून हिला बोलावलं. पहिल्या हजेरीला पहिल्याच बाकावर कोण बसलंय हे तिला कळलं, तेव्हा तिच्या हातातली पेन्सिल थांबली. मुकादमाची मुलगी. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं.

मुलीला सगळे खारू म्हणत, कारण खारीसारखं तिच्या गालात सदा काहीतरी असे: चिंच, पेन्सिलीचं टोक, काही नसलं तर वहीच्या कोपऱ्याचा कागद. डोळे मोठे, टिपून घेणारे. असल्या डोळ्यांच्या पोरीच्या तोंडात कागद असला तरी चालतो, बाईनं मनात म्हटलं. हातात असला म्हणजे झालं.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या पेटीतून सहा मोठे खिळे मागितले. तो म्हणाला, मीच येऊन ठोकतो. रविवारी रिकाम्या वर्गात तिनं खिळा धरला आणि त्यानं डाव्या हातानं हातोडी चालवली. पहिला घाव खिळ्यावर, दुसरा तिच्या अंगठ्यावर. तिनं खिळा सोडला नाही. तोच मटकन खाली बसला.

"बघ," तो म्हणाला. "निष्काळजी."

"गप्प बसा," ती म्हणाली, "आणि पाच राहिलेत."

सोमवारी तिनं प्रत्येक खिळ्याखाली खडूनं एकेक शब्द लिहिला. कोण. कुठे. कधी. काय. कसं. का. मग पोरांना सांगितलं, वाक्य म्हणजे दमून घरी आलेला पाहुणा. त्याची टोपी, पिशवी, छत्री, सदरा, सगळं काढून घेऊन एकेका खिळ्याला लटकवायचं. एकही खिळा रिकामा राहिला तर पाहुण्यानं काहीतरी लपवलंय असं समजायचं आणि पुन्हा विचारायचं.

पोरांना हा खेळ झाला. ती एकमेकांच्या वाक्यांची झडती घ्यायला लागली. एकानं लिहिलं, 'आजी पडली.' लगेच बाकीचे पोलिसासारखे त्याच्यामागं लागले. कुठं पडली? कशी? शेवटी त्याची आजी न्हाणीत, पहाटे, साबणावरून, दिवा लावायचा आळस केल्यामुळे, आडवी पडली, तेव्हा कुठं वर्ग शांत झाला. दुसऱ्या दिवशी ती आजी लंगडत शाळेत आली आणि विचारून गेली, आमच्या न्हाणीतलं तुम्हाला कोणी सांगितलं.

शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक काळा फळा रंगवलेला होता. त्यावर हेडमास्तर दर शनिवारी थोरांचं वचन लिहीत, आणि ते कोणी वाचत नसे. बाईनं तो मागून घेतला. आठवड्यातलं सगळ्यात भरलेलं वाक्य शनिवारी तिथं लागायचं, खाली मुलाचं नाव. शेजारीच दूध जमा करायचं केंद्र होतं. सकाळी किटल्या घेऊन सगळं गाव तिथं रांगेत उभं राही आणि पुढचा सरकेपर्यंत फळा वाचत बसे. ज्यांना वाचता येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घेत. महिन्याभरात गावात म्हणायला लागले, पोरांना बोलायला शिकवलं ते ठीक, हिनं लिहायला शिकवून पंचाईत केली.

घरी सासूबाईंचं वेगळंच. त्या भांडी घासताना पाठमोऱ्या बोलत. दुसऱ्यांच्या पोरांची वाक्यं लांब करतेस, घरात तुझी स्वतःची पोर दिवसभर नागडी हिंडते. हे खरं नव्हतं. चार वर्षांची बारकी फार तर एका पायात चप्पल घालून हिंडायची. पण बाईला लागायचं. शाळेत असताना तिच्या डोक्यात एक कान सतत घराकडं असे. बारकी विहिरीकडं तर गेली नसेल. बारकी मशीनकडं, गायीकडं, रस्त्याकडं. जगात धार असलेलं काय काय आहे आणि ते आपल्या पोरीपासून किती पावलांवर आहे, याचा तिनं मनात नकाशाच काढून ठेवला होता.

आणि रोज दुपारी ती वह्या तपासायला बसली की अठ्ठाविसातली एक वही आधी काढायची. खारूची वही ओळखू यायची; तिला पेंडीच्या पोत्याच्या जाड कागदाचं कव्हर होतं. ते मुकादमानं स्वतः घातलं होतं, कोपरे अगदी कारागिरासारखे दुमडून.

खारूची वाक्यं फुटत गेली. बाईनं ती हळूच, दावणीचा दोर सैल सोडावा तशी सोडली. दुसऱ्या आठवड्यात तिनं लिहिलं, 'आमचे बाबा सकाळी चहाच्या आधी गोठ्याच्या चाव्या कमरेला लावतात, कारण चाव्या नसल्या तर त्यांना थंडी वाजते असं आई म्हणते.' वर्ग हसला, बाईही हसली, आणि वाक्य फळ्यावर लागलं. मुकादमानंही वाचलं आणि मिशीतल्या मिशीत हसून निघून गेला. तिसऱ्या आठवड्यात आलं: 'कुट्टीच्या मशीनची लोखंडी जाळी आमच्या परसात भिंतीला टेकून उभी असते आणि आई तिच्यावर रोज सकाळी घासलेली भांडी वाळत घालते, कारण जाळी लावली की चारा अडकतो आणि काम मागं पडतं.'

हे वाक्य बाईनं फळ्यावर लावलं नाही. ते तिनं पाठ केलं. मशीनच्या तोंडावर हात आत जाऊ नये म्हणून जी जाळी असते, ती मुकादमाच्या ताटवाट्या वाळवत होती. आणि अजूनही तिथंच होती. म्हणजे आज त्या उघड्या तोंडात दुसऱ्या कोणाचा तरी हात जात होता.

तिनं आणखी दोन आठवडे थांबून पुढचा विषय दिला: 'मी स्वतः पाहिलेलं.' वर्गाला सांगितलं, ऐकलेलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं. बोलताना ती पहिल्या बाकाकडं बघत नव्हती. पण सांगत होती त्याच बाकाला.

खारूनं दोन तास घेतले. कागदाचे दोन कोपरे खाल्ले. वही आणून दिली तेव्हा वाक्याच्या शेवटी तिनं सहा बारीक रेघा मारल्या होत्या, खिळे मोजल्याच्या.

'सुट्टीच्या दिवशी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन गोठ्यात गेले तेव्हा मशीन बंद होतं आणि बाईंच्या घरचे काका आत अडकलेला चारा हातानं काढत होते, आणि बाईंची बारकी दारातून बाबा बाबा म्हणाली म्हणून काकांनी हसून तिच्याकडं मान वळवली, आणि आमचे बाबा मागून आले आणि हात असं न ओरडता त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं, कारण गायी फार हंबरत होत्या.'

गोठ्यात एक रीत होती, सगळ्या गावाला ठाऊक. मशीन सुरू करणाऱ्यानं आधी 'हात' म्हणून ओरडायचं. मशीनवरच्यानं 'मोकळा' म्हणायचं. मगच बटण. गोठ्यात कालचा आलेला गडीही ही रीत मोडत नसे. मुकादमानं मोडली होती.

सात महिने जे वाक्य ती शोधत होती ते समोर होतं, आणि त्याच्या बरोबर मधोमध तिची मुलगी दारात उभी होती. त्या दिवशी नवऱ्याचा डबा सासूबाईंनी नेला होता. बारकी शेजारी खेळत होती, असं तिला सांगितलं होतं. म्हणजे सासूबाईंना माहीत होतं. नवऱ्याला माहीत होतं. मुकादमाला, त्याच्या पोरीला माहीत होतं. घरात वाचता येणारी एकटी तीच, आणि तिलाच माहीत नव्हतं. तिनं ते पान ब्लेडनं वहीतून अलगद कापून पर्समध्ये ठेवलं.

संध्याकाळी नवरा धार काढत होता. डावा हात चालायचा, उजवा खुंट गायीच्या मांडीला टेकवलेला. बाईनं चरवी धरली होती. बारकी दाराशी वासराच्या कानात काहीतरी सांगत होती.

"त्या दिवशी ही दारात होती," बाई म्हणाली.

धार थांबली. गायीनं मागं वळून बघितलं. तो यावेळी रहाटाकडं बघायचं विसरला.

"कोणी सांगितलं?"

"ज्यानं पाहिलं त्यानं."

मग त्यानं सांगितलं, सगळं, गायीच्या पोटाशी तोंड करून. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मुकादम आला होता. काखेत रजिस्टर. खाटेजवळ बसला, पेरू कापून दिला, आणि म्हणाला, दोन प्रकारे लिहिता येईल. पोरीनं हाक मारली आणि बापाचा हात गेला, असं लिहू, की तुझा निष्काळजीपणा लिहू? वर म्हणाला, पोरगी उद्या मोठी होईल, पण गाव काही मोठं होत नाही. बापाचा हात खाल्लेली पोर, हे नाव ती जिथं जाईल तिथं तिच्यामागं जाईल.

"मी म्हटलं, माझंच लिही."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू प्रत्येक गोष्ट विचारत बसतेस. एकदा कळलं असतं की पोरीकडं बघताना तुझ्या डोळ्यांत ते आलं असतं. तिला दिसलं असतं."

दुपारी पान वाचल्यावर ती घरी आली तेव्हा बारकी पळत येऊन बिलगली होती, आणि एक क्षण, एकच क्षण, तिचे हात पोरीच्या पाठीवर जायच्या आधी हवेत थांबले होते.

ती तो क्षण मुकादमाच्या खात्यावर टाकून मोकळी झाली. त्यानं तिच्या पोरीला ढालीसारखं पुढं धरलं होतं आणि तो मागं लपला होता. बरं. ढाल काय, कोणालाही धरता येते.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिनं खारूच्या हाती पालकांसाठी चिठ्ठी दिली: मुलीच्या प्रगतीविषयी बोलायचे आहे, शाळा सुटल्यावर यावे. वही तेवढी ठेवून घेतली. मुकादम आला. चाव्यांचा आवाज आधी आला, मग मिशा, मग पोट. वर्गात खुर्ची एकच होती आणि तीवर बाई बसली होती. त्याला पहिल्या बाकावर बसावं लागलं, पोरीच्या जागेवर. गुडघे छातीला लागले. चाव्यांचा जुडगा मांड्यांत अडकला, तो सोडवण्यात थोडा वेळ गेला. बाईनं तो जाऊ दिला.

"काय म्हणता वहिनी, आमची खारू कागद खाते म्हणून बोलावलंत का?"

"शाळेत बाई म्हणा," ती म्हणाली. "पोरगी हुशार आहे. वाक्य बापाचं कच्चं आहे."

तिनं त्याच्यापुढं रेघी कागद ठेवला, वर पेन. त्या दुपारचं पुन्हा लिहा म्हणाली. रजिस्टरातल्या वाक्यात तीन खिळे रिकामे आहेत. तो हसला. भिंतीवरचे खिळे बघून पुन्हा हसला. मग पुढं वाकून हळू आवाजात म्हणाला, पुन्हा लिहायचं तर तुमच्या बारकीचंही लिहावं लागेल, बाई. नवऱ्याला विचारून घ्या आधी.

"लिहा," ती म्हणाली. "पहिलं तेच लिहा. हाक मारली, मान वळली. पण हाकेनं पाती फिरत नाहीत. त्याच्या पुढचं लिहिल्याशिवाय इथून उठायचं नाही."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. त्याच्या हातात पत्त्याचं तेवढं एकच पान होतं आणि ते तिनं आपणहून उलटं करून दाखवलं होतं. तो गुरगुरला, कोणी काय सांगितलं तुम्हाला, पुरावा काय, मी उठतो. उठायला त्यानं टेबलाच्या कडेला हात टेकला आणि त्याची नजर वह्यांच्या गठ्ठ्यावर गेली. सगळ्यात वर पेंडीच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर होतं. वही उघडी होती, आणि मधलं एक पान कापून घेतल्याची धार उभी राहिली होती.

बाईला ती वही उचलता आली असती. हात लांब करायचा आणि खणात टाकायची. तिनं उचलली नाही.

"उद्या शनिवार," ती म्हणाली. "फळा पुसून ठेवलाय."

मुकादम खाली बसला. बाक करकरलं.

त्यानं चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, 'बटण दाबले गेले.' बाईनं लाल पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, कोण गेले, कुठं गेले. दुसऱ्यांदा बटण एका कामगारानं दाबलं. तिसऱ्यांदा मुकादमानंच दाबलं, पण हात म्हणून ओरडून. तेव्हा तिनं पर्सची चेन थोडी उघडली. चौथ्यांदा सगळं आलं. जाळी कुठं होती, कोणी काढली, बटण कोणी दाबलं, काय ओरडायचं राहिलं. त्याच्या कानशिलावरून घाम उतरून कॉलरमध्ये जात होता. अक्षर मात्र चांगलं होतं. बाईनं त्याला सही करायला लावली आणि तारीख घालायला लावली, पोरांना लावते तशी.

दाराशी तो थांबला, काहीतरी बोलायला. तिनं बोलू दिलं नाही.

"आणि भांडी आता दुसरीकडं वाळवा," ती म्हणाली.

हे तिनं गिळायला हवं होतं. पण सात महिने ती गिळतच आली होती. मुकादमाच्या चेहऱ्यावर ते पोचलेलं तिनं पाहिलं. त्याच्या परसात कोण बघतं, आणि बघितलेलं कोण लिहितं, हे त्याला कळलं. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

कागद मालकाकडं गेला. पंधरा दिवसांत जाळी मशीनवर परत आली आणि बाईचा नवरा गोठ्याच्या फाटकाशी, दुधाच्या किटल्यांचं वजन करायला बसला. डाव्या हातानं आकडे लिहायला शिकला. त्याचे आठ आडवे पडत, पण वाचता येत. थोट्या हे नाव काही गेलं नाही. दुसरं मात्र गेलं. मुकादम मुकादमच राहिला, फक्त आता मशीन सुरू करायच्या आधी त्याला 'हात' म्हणून ओरडावं लागे आणि मशीनवरचा गडी गरजेपेक्षा मोठ्यानं 'मोकळा' म्हणे. मग गोठ्याच्या चारी कोपऱ्यांतून, जिथं मशीन नव्हतं तिथूनही, मोकळा, मोकळा, असं येई. गडी खाली वाकून शेण भरत हसत.

सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी भांडी घासताना म्हणाल्या, बारकीला त्या दिवशी मीच आत पाठवलं होतं, बापाला हाक मार म्हणून. बाईनं त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं आणि विसळलं.

आणि दर शनिवारी सकाळी मुकादमाची मोटारसायकल शाळेजवळ येऊन हळू व्हायची. पूर्वी तो फळ्याकडं ढुंकून बघत नसे. आता पाय टेकून थांबे, ओठ हलवत पहिल्या शब्दापासून शेवटच्या नावापर्यंत वाचे, आणि मग जाई. बाई खिडकीच्या आत उभी राहून बघत असे. आज काय लागलंय, हे त्याला आदल्या दिवसापासून डाचत असणार. तिला थंडीत कढत पाण्यानं अंघोळ केल्यासारखं वाटे. पान तिनं घरी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलं होतं.

चौथ्या शनिवारच्या आधी तिच्या लक्षात आलं, की महिनाभर आपण खारूची वही शेवटी तपासतोय.

वही नवी होती. कव्हर नव्हतं. आत होतं: 'वासरू पांढरं आहे.' मागचं पान: 'गोठा मोठा आहे.' त्याच्या मागं: 'गाय गवत खाते.'

तिनं मुलीला भिंतीजवळ बोलावलं. पांढरं म्हणजे कसं गं, चुन्यासारखं की दुधासारखं? कुठं असतं ते? खारू खिळ्यांकडं बघत राहिली. गालात आज काही नव्हतं.

"माहीत नाही, बाई."

"तू रोज बघतेस ना त्याला?"

"आता डबा आई नेते." मग, पाठ केलेलं म्हणावं तसं ती म्हणाली, "बाबा म्हणतात, बघितलेलं सगळं लिहायचं नसतं. मला मारलं नाही त्यांनी. मी घरात आले की ते फक्त बोलायचे थांबतात."

बाई टेबलाशी येऊन बसली. खारू नखानं पहिल्या खिळ्याचा गंज खरवडत होती. तिच्या मानेवर वेणीखाली बारीक केस होते, बारकीच्या मानेवर असतात तसेच. कोणी पेरू कापून द्यायला आलं नव्हतं, काखेत रजिस्टर नव्हतं, आणि तरीही काम तेच झालं होतं. बाईनं मुकादमाला शिव्या देऊन पाहिल्या. त्या त्याला लागू पडल्या, पण पुरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा असताना, तिनं डब्यातलं पान आणून खारूच्या बाकावर ठेवलं. मुलीनं आपलंच वाक्य बोट ठेवून वाचलं. शेवटच्या सहा रेघाही मोजल्या.

"फळ्यावर लावणार?"

"नाही. तुझं आहे. ठेव, फाड, काय करायचं ते कर. मी मागायला येणार नाही."

खारूनं पानाची घडी घातली, घडीची घडी घातली, आणखी एक घातली, आणि ते उजव्या गालात कोंबलं. गाल फुगला. ती चावत राहिली, बाईकडं बघत, अगदी सावकाश, वाक्य मोठं होतं म्हणून. गिळताना तिला पाणी लागलं. बाईनं आपल्या तांब्यातलं दिलं.

दुपारी वहीत आलं: 'वासरू पांढरं आहे पण नाक काळं.' दोनच खिळे भरले होते. बाईनं लाल पेन्सिल हातात घेतली आणि परत ठेवली.

शनिवारी फळ्यावर दुसऱ्याच एका मुलाचं वाक्य होतं, त्याच्या मामाच्या दाढदुखीवर. मोटारसायकल आली, हळू झाली, थांबली. मुकादमानं पाय टेकला. मामाची दाढ त्यानं पहिल्या शब्दापासून वाचली, खाली मुलाचं नाव वाचलं, पुन्हा वर जाऊन एकदा वाचली, रुमालानं मान पुसली आणि खिडकीकडं बघितलं. बाई उभी होती. पर्स काखेला होती.

पान आता जगात नव्हतं. हे त्याला कोणी सांगितलं नाही. खारूनं नाही, आणि बाईनं तर नाहीच.